शंभर फुटांची रेषा आणि ओढ्याची व्याख्या : अमेरिकेतील कोळसा खाणींविषयक जलप्रवाह-संरक्षण नियमांची चिकित्सा

प्रस्तावना

कायद्याचा किंवा नियमावलीचा मसुदा हा आपल्याकडे सहसा चिकित्सक वाचनाचा विषय मानला जात नाही. तो वकिलांनी वाचावा, फार तर राज्यशास्त्राच्या अध्यापकांनी त्याचा संदर्भ द्यावा, अशी आपली समजूत असते. वस्तुतः एखाद्या संहितेतील शब्दयोजनेमुळे डोंगरातला ओढा जिवंत राहतो किंवा दगडांखाली गाडला जातो, अशी वेळ येते तेव्हा त्या संहितेचे वाचन कवितेच्या वाचनाइतकेच काळजीपूर्वक व्हावयास हवे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील उघड्या कोळसा खाणींपासून ओढे आणि त्यांच्या काठची जीवसृष्टी यांचे संरक्षण करण्यासाठी 1977 पासून 2016 पर्यंत जे नियम रचले गेले, त्यांच्या शब्दांचा विचार करावयाचा आहे. या नियमांतील खरा वाद किती अंतर सोडावे हा वरकरणी दिसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो वाद प्रारंभापासून ‘ओढा कशास म्हणावे’ आणि ‘हानी कशास म्हणावे’ या दोन व्याख्यांचा होता, आणि या व्याख्या जेथे सैल राहिल्या तेथेच ओढे गाडले गेले.

डोंगरमाथा आणि दरी

प्रथम भूगोल. वेस्ट व्हर्जिनिया, केंटकीचा पूर्व भाग, व्हर्जिनियाचा नैर्ऋत्य कोपरा आणि टेनेसीचा काही भाग हा मध्य अॅपलेशियन डोंगराळ प्रदेश. येथे कोळशाचे थर डोंगराच्या पोटात आडवे पसरलेले आहेत. पूर्वी बोगदे खणून कोळसा काढीत. पुढे प्रचंड यंत्रे आणि स्वस्त स्फोटके हाती आल्यावर डोंगराचा माथाच उडवून थर उघडा करण्याची पद्धत रूढ झाली. अखंड खडक फुटला की त्याचे आकारमान वाढते. घट्ट बसलेल्या पोत्यातील धान्य बाहेर ओतल्यावर पुन्हा त्याच पोत्यात मावत नाही, तसाच हा प्रकार. उरलेला दगडमातीचा मलबा मग शेजारच्या दरीच्या मुखाकडून नव्हे, तर तिच्या अगदी वरच्या टोकाकडून खाली लोटला जातो. यास तेथे ‘दरीभराव’ अशा अर्थाची संज्ञा आहे. दरीचे वरचे टोक म्हणजे ओढ्याचे उगमस्थान, हे सांगावयास नकोच.

या प्रदेशाच्या बोलीत वाहत्या पाण्याला अनेक नावे आहेत. ‘रन’, ‘ब्रँच’, ‘फोर्क’, ‘क्रीक’ ही नावे तेथील नकाशावर पावलोपावली भेटतात, आणि दरीला ‘हॉलो’ म्हणतात. आपल्याकडे ओहोळ, ओढा, पऱ्ह्या, व्हाळ, नाला यांतील फरक ज्याला पायाखालच्या अनुभवाने ठाऊक असतो, त्याला या शब्दसंपत्तीचे मोल सहज कळेल. कायद्याने मात्र या सर्वांना तीनच कप्प्यांत बसविले: बारमाही, हंगामी, आणि केवळ पाऊस वा बर्फ वितळल्यापुरते वाहणारे तात्कालिक प्रवाह. (आपल्या शासकीय मराठीनेही असेच काहीसे केले आहे. ‘नाला’ या शब्दाची जोड आता सफाई, सरळीकरण आणि खोलीकरण यांच्याशीच अधिक घट्ट बसली आहे.)

1977 चा कायदा : दोन क्रियापदे

26 फेब्रुवारी 1972 रोजी वेस्ट व्हर्जिनियातील लोगन परगण्यात बफेलो क्रीकच्या खोऱ्यात कोळसा धुतल्यानंतरच्या गाळाचा बांध फुटला आणि 125 माणसे मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेने खाणींच्या नियमनाची मागणी तीव्र झाली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 3 ऑगस्ट 1977 रोजी उघड्या खाणींचे नियंत्रण व भूमीचे पुनःस्थापन यासंबंधीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. अंमलबजावणीसाठी अंतर्गत खात्याच्या अखत्यारीत एक स्वतंत्र कार्यालय निर्माण झाले.

या कायद्यात पाण्याविषयी दोन निरनिराळी क्रियापदे आढळतात. खाणीच्या अनुज्ञाक्षेत्रातील जलसंतुलनास आणि मासे व वन्यजीवांस होणारा उपद्रव ‘किमान राखावा’ असे एका ठिकाणी म्हटले आहे. जीवसृष्टीच्या बाबतीत तर त्यापूर्वी ‘शक्य असेल तितपत’ ही पुस्तीही जोडली आहे. अनुज्ञाक्षेत्राबाहेरील जलसंतुलनाची ‘लक्षणीय हानी’ मात्र ‘टाळली जाईल’ अशीच खाणीची रचना हवी, असे दुसरीकडे म्हटले आहे. आत किमान राखणे, बाहेर टाळणे. ही विभागणी कागदावर सुबक आहे. परंतु ओढा अनुज्ञाक्षेत्राची हद्द ओळखत नाही. आत जे ‘किमान’ म्हणून सोडून दिले ते पाण्याबरोबर बाहेर येते, आणि बाहेर आल्यावर ते ‘लक्षणीय’ ठरेल की नाही हे सांगणारी व्याख्याच कायद्यात नव्हती. ही उणीव पुढे जवळजवळ चार दशके तशीच राहिली.

काही मिलिमीटरचा जीव

1979 मध्ये या कायद्याखाली पहिली कायम स्वरूपाची नियमावली आली. तीत ओढ्यापासून शंभर फूट, म्हणजे सुमारे 30 मीटर, अंतरातील जमीन विस्कळित करू नये असा नियम होता. आज या अंतराचीच आठवण काढली जाते. प्रस्तुत लेखकास त्याहून अधिक लक्षणीय वाटते ती या नियमातील ओढ्याची ओळख. हा नियम बारमाही ओढ्यांना तर लागू होताच. शिवाय ज्या प्रवाहात ‘जीवसमुदाय’ आहे अशा कोणत्याही प्रवाहाला तो लागू होता. जीवसमुदाय म्हणजे काय, हेही स्पष्ट केले होते. वाहत्या पाण्याशी जुळवून घेतलेल्या, त्यावर अवलंबून असलेल्या आणि तेथे प्रजनन करणाऱ्या संधिपाद किंवा मृदुकाय प्राण्यांच्या निदान दोन जाती तेथे असाव्यात, आणि प्रवाहात घालविलेल्या आयुष्याच्या कोणत्या तरी टप्प्यावर त्यांची लांबी काही मिलिमीटरांच्या ठरावीक मर्यादेहून अधिक असावी.

शासकीय भाषेत असा परिच्छेद क्वचितच सापडतो. येथे नियमाने पाण्याचे प्रमाण विचारले नाही, वर्षातील महिने मोजले नाहीत. दगड उलटून पाहा, खाली कोणी राहते का ते सांगा, एवढीच त्याची कसोटी होती. काही मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान जीव. त्या जिवाच्या अस्तित्वावर शंभर फुटांचा पट्टा उभा राहत होता.

1983 मध्ये ही कसोटी काढून टाकण्यात आली. नियम बारमाही आणि हंगामी ओढ्यांपुरता राहिला. हंगामी ओढ्याची ओळख आता जलविज्ञानाची होती: किमान एक चौरस मैल, म्हणजे सुमारे 259 हेक्टर, क्षेत्राचे पाणी वाहून नेणारा, किंवा वर्षाचा काही काळ तरी भूजलाच्या पातळीखाली असणारा आणि भूजलाचा पुरवठा मिळणारा. तात्कालिक प्रवाह बाहेर पडले. 1983 च्या नियमाला पर्यावरणवाद्यांनी पुढे मोठे कवच मानले, आणि ते काही अंशी खरेही होते. कारण त्यात अपवादाची परवानगी देण्यापूर्वी पाण्याच्या दर्जाच्या मानकांचा भंग होणार नाही आणि ओढ्याच्या पाण्यावर व इतर पर्यावरणीय घटकांवर प्रतिकूल परिणाम होणार नाही, असा निष्कर्ष प्राधिकाऱ्याने नोंदवावा अशी अट होती. तरीही हे कवच कापून लहान केलेले होते, हे विसरता कामा नये.

मुख्य म्हणजे राज्यांच्या अधिकाऱ्यांनी हा नियम दरीभरावाला लागू होत नाही अशा समजुतीने परवाने दिले. ओढ्याजवळ शंभर फुटांच्या आत खोदू नका, पण अख्ख्या ओढ्यावर डोंगर ओता, असा अर्थ एका नियमातून निघू शकतो, याचे आश्चर्य वाटते. ते आश्चर्य न्यायाधीश चार्ल्स हेडन यांनाही वाटले असावे. ‘ब्रॅग विरुद्ध रॉबर्टसन’ या खटल्यात 20 ऑक्टोबर 1999 रोजी त्यांनी हा नियम दरीभरावाला लागू होतो असा निर्णय दिला. या खटल्याच्या मुळाशी लोगन परगण्यातील ब्लेअर गावाजवळचा पिजनरूस्ट ब्रँच हा ओढा होता. 2001 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने हा निर्णय फिरविला. तोही नियमाच्या अर्थावर नव्हे, तर राज्य शासनावर संघराज्याच्या न्यायालयात असा दावा चालू शकत नाही या घटनात्मक मुद्द्यावर. अर्थाचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

2002 मध्ये स्वच्छ जल कायद्याखालील ‘भराव’ या शब्दाची व्याख्या बदलण्यात आली आणि खाणीचा मलबा त्यात निःसंदिग्धपणे बसविला गेला. पूर्वी टाकाऊ पदार्थाची विल्हेवाट आणि बांधकामासाठीचा भराव यांत उद्देशाचा भेद होता. आता परिणाम पाहावयाचा ठरला: पाण्याच्या जागी जमीन झाली की तो भराव. 2005 मध्ये पूर्ण झालेल्या संघीय पर्यावरणीय अभ्यासानुसार 1985 ते 2001 या काळात 724 मैल, म्हणजे सुमारे 1,165 किलोमीटर लांबीचे ओढे दरीभरावाखाली गाडले गेले होते.

स्वच्छ दिसणारे पाणी

येथे विज्ञानाकडे वळणे अपरिहार्य आहे, कारण ‘हानी’ची व्याख्या त्यावाचून करता येत नाही. कोळसा खाणीचे पाणी म्हटले की तांबूस, आम्लधर्मी पाणी डोळ्यांसमोर येते. दरीभरावाच्या पायथ्याशी येणारे पाणी बहुधा तसे नसते. ते नितळ असते, त्याचा सामू उदासीनच्या आसपास किंवा किंचित अल्कधर्मी असतो. फुटलेल्या खडकातील गंधकयुक्त खनिजे हवा व पाण्याच्या संपर्काने आम्ल निर्माण करतात; त्याच खडकातील कार्बोनेट खनिजे ते आम्ल शमवितात; आणि या व्यवहारातून सल्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट हे क्षार पाण्यात उतरतात. पाण्याची विद्युतवाहकता वाढते. डोळ्याला काही दिसत नाही, जिभेलाही फारसे कळणार नाही. पण मे-फ्लाय नावाच्या कीटकांच्या अळ्या अशा ओढ्यांतून नाहीशा होतात. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने 2011 मध्ये या प्रदेशासाठी 300 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर ही वाहकतेची संदर्भमर्यादा प्रसिद्ध केली. अबाधित ओढ्यांतील वाहकता याहून बरीच कमी असते. काही ठिकाणी सेलेनियमचा प्रश्न वेगळाच. ते माशांच्या अंड्यांत साठते आणि पिलांत व्यंगे निर्माण करते.

जानेवारी 2010 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मार्गारेट पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख प्रसिद्ध झाला. गाडलेल्या ओढ्यांची भरपाई अन्यत्र ओढे ‘निर्माण’ करून होते हा दावा उपलब्ध पुराव्यावर टिकत नाही, हा त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. उगमाकडील ओढा हा जंगलाचा भाग असतो. झाडांची पाने त्यात पडतात, बुरशी त्यांना मऊ करते, अळ्या ती कुरतडतात, सॅलमँडर त्या अळ्या खातो, आणि उरलेले कण खालच्या नदीला अन्न म्हणून जातात. काठची सावली काढली की पाण्याचे तापमान बदलते; पाने गेली की अन्नसाखळीची पहिली कडी जाते. म्हणून ओढा आणि त्याचा काठ हे दोन विषय नाहीत. शंभर फुटांचा नियम काठाला ओढ्याभोवतीचे कुंपण समजला. कुंपण ओलांडण्याची परवानगी देता येते. पण येथे काठ हाच ओढ्याचा अर्धा देह असतो.

2016 चा नियम : गुण आणि दोष

12 डिसेंबर 2008 रोजी, बुश प्रशासनाच्या अखेरच्या आठवड्यांत, नवा नियम आला. त्याने दरीभरावासारख्या कामांना शंभर फुटांच्या बंधनातून उघडपणे मोकळे केले. एका अर्थी तो प्रामाणिक होता. जे व्यवहारात चालले होते तेच त्याने लिहून काढले. संकटग्रस्त जाती कायद्याखाली आवश्यक असलेला सल्लामसलतीचा टप्पा गाळल्याच्या कारणावरून 20 फेब्रुवारी 2014 रोजी न्यायालयाने तो रद्द केला आणि 1983 चा नियम परत आला. त्यानंतर अनेक वर्षांच्या तयारीतून सिद्ध झालेला ‘जलप्रवाह संरक्षण नियम’ 20 डिसेंबर 2016 रोजी प्रसिद्ध झाला.

हा नियम दीर्घ, तांत्रिक आणि वाचनास कंटाळवाणा आहे. तरीही या परंपरेतील तो सर्वांत विचारपूर्ण मसुदा आहे, असे म्हणावे लागते. ‘लक्षणीय हानी’ची व्याख्या संघराज्य पातळीवर त्यानेच प्रथम केली: अनुज्ञाक्षेत्राबाहेरील ओढ्याचा निर्धारित वा चालू उपयोग ज्यामुळे अशक्य होईल असा परिणाम म्हणजे हानी. खाण सुरू होण्यापूर्वी ओढ्याची मूळ स्थिती, पाण्याचे प्रमाण, रसायन आणि बारमाही ओढ्यांतील जीवांची अवस्था यांसह नोंदविण्याचे बंधन त्याने घातले. मूळ स्थिती ठाऊक नसेल तर ‘काय बिघडले?’ या प्रश्नाला कंपनी आणि गावकरी यांची उत्तरे वेगळी येणारच, आणि दोन्ही सिद्ध होणार नाहीत. खोदलेला ओढा पुन्हा रचताना त्याचा आकार पूर्ववत करणे पुरे नाही, त्याचे परिसंस्थेतील कार्यही परतले पाहिजे, तोवर अनामत पूर्णपणे मोकळी होणार नाही, असेही त्यात होते. काठच्या शंभर फुटांच्या पट्ट्यात देशी वनस्पती लावण्याची अट होती. दोन दशकांत सुमारे 6,000 मैल ओढे आणि 52,000 एकर जंगल यांचे संरक्षण वा पुनःस्थापन होईल असा शासनाचा अंदाज होता.

दोष दोन सांगता येतील. पहिला असा, की दरीभराव या नियमानेही बंद केला नाही. अटी कडक करून तो परवानगीच्या कक्षेत ठेवला. दुसरा अधिक खोलवरचा आहे. ओढ्याचे ‘कार्य’ परत आणता येते या गृहीतकावर नियमाचा मोठा भाग उभा आहे, आणि याच गृहीतकाविषयी पामर प्रभृतींनी सहा वर्षांपूर्वीच शंका व्यक्त केली होती. नियमाने विज्ञान वाचले, पण त्यातील सर्वांत गैरसोयीचे वाक्य त्याला पचले नाही, अशी टीका प्रस्तुत लेखक करू इच्छितो. खाण उद्योगाची तक्रार याच्या उलट होती. सर्व प्रदेशांना एकच माप लावले जाते, राज्यांचे अधिकार आकसतात, आणि आधीच घसरणीला लागलेल्या रोजगारावर घाव बसतो, असे त्याचे म्हणणे होते. पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशातील ओढे आणि अॅपलेशियन ओढे यांत महदंतर आहे, हा त्यातील मुद्दा विचारार्ह आहे. ज्या खेड्यांत खाण हाच एकमेव पगार, तेथील माणसाची भीतीही खोटी नव्हती.

नियम 19 जानेवारी 2017 रोजी अमलात आला. 1 फेब्रुवारीस प्रतिनिधिगृहाने 228 विरुद्ध 194 आणि 2 फेब्रुवारीस सिनेटने 54 विरुद्ध 45 मतांनी तो अमान्य केला. 16 फेब्रुवारीस राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची स्वाक्षरी झाली. एकूण आयुष्य 28 दिवसांचे. ज्या कायद्याखाली तो अमान्य झाला, त्यानुसार ‘आशयाने सारखाच’ असा नियम संसदेने नव्या कायद्याने मुभा दिल्याखेरीज पुन्हा काढता येत नाही. म्हणजे नियम गेलाच. त्याच्यासारखे वाक्य लिहिण्याचा अधिकारही गेला. त्यात भर म्हणून 25 मे 2023 रोजी ‘सॅकेट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ जल कायद्याचे क्षेत्र ‘तुलनेने कायम’ असलेल्या जलप्रवाहांपुरते आणि त्यांना सलग जोडलेल्या पाणथळींपुरते मर्यादित केले. पावसापुरते वाहणारे प्रवाह 1983 मध्ये एका दाराने बाहेर गेले होते, 2023 मध्ये दुसऱ्याने गेले.

पिजनरूस्ट ब्रँचचे काय झाले, हे सांगणे आवश्यक आहे. तेथील स्प्रूस क्रमांक 1 या खाणीच्या भरावाचा परवाना पर्यावरण संरक्षण संस्थेने 13 जानेवारी 2011 रोजी नकाराधिकार वापरून अंशतः मागे घेतला. त्यामुळे पिजनरूस्ट आणि ओल्डहाउस या दोन ओढ्यांची 6.6 मैल लांबी भरावातून वगळली गेली. 2016 मध्ये वरिष्ठ न्यायालयात हा निर्णय टिकला. या ओढ्याला शंभर फुटांच्या नियमाने वाचविले नाही. त्याला वाचविले ते स्वच्छ जल कायद्यातील अत्यंत क्वचित वापरल्या जाणाऱ्या एका कलमाने.

आपली नियमावली वाचताना

या वाचनानंतर आपल्या 1960 च्या खनिज सवलत नियमांकडे वळले असता एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्यातील 27 व्या नियमात पट्टेधारकाने लोहमार्ग, जलाशय, कालवा, सार्वजनिक रस्ते, इमारती आणि वस्ती यांपासून 50 मीटरच्या आत परवानगीवाचून खोदू नये, असे आहे. कालवा आहे, ओढा नाही. माणसाने बांधलेल्या पाण्याला अंतर मिळाले, डोंगराने दिलेल्या पाण्याला मिळाले नाही. कोळसा खाणींच्या सुरक्षा विनियमांत नदी-नाले येतात, पण तेथे पाणी हा धोका आहे: खाणीचे तोंड महत्तम पूररेषेच्या किमान दीड मीटर वर असावे, पाणी आत शिरू नये. त्या तरतुदी कामगारांच्या जिवासाठी आहेत आणि त्यांची गरज वादातीत आहे. मात्र खाणीपासून पाण्याचे रक्षण हा त्यांचा विषय नाही. तो विषय पर्यावरण मंजुरीच्या पत्रांतील अटींवर सोपविला गेला, आणि तेथे ‘नाला वळविणे’ हे बहुधा अभियांत्रिकीचे एक काम म्हणून नोंदलेले असते. चंद्रपूरजवळ इरई नदीच्या काठाने उभे असलेले मलब्याचे ढिगारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना येथील शंभर फुटांचा प्रश्न निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

2016 च्या नियमातील एक भाग कायद्यावाचूनही उचलता येण्याजोगा आहे, तो म्हणजे मूळ स्थितीची नोंद. 1979 ची कसोटी लावावयाची तर एक चाळणी, एक भिंग आणि मिलिमीटरच्या खुणा केलेली पट्टी पुरते. प्राणिशास्त्र आणि भूगोल विभागांनी मिळून करावयाचे ते काम आहे. वर्धा खोऱ्यातील बहुतेक लहान नाले पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही महिनेच वाहतात, म्हणून नमुने ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशा दोन वेळा तरी घ्यावे लागतील. अडचण एवढीच आहे, की आपल्या अभ्यासक्रमांतील क्षेत्रीय प्रकल्प बहुधा दुसऱ्या सत्रात, जानेवारीनंतर सुरू होतात, आणि विद्यार्थी काठावर पोहोचतात तेव्हा नाल्यात मोजण्यासारखे पाणी उरलेले नसते.